ठोक्यांची बचत

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ज्येष्ठांच्या मंडळात एरवी वर्तमानपत्र वाचणारे, कॅरम खेळणारे आणि पंख्याखालच्या खुर्चीवरून भांडणारे मिळून दहा-पंधरा डोकी असायची. त्या दिवशी मात्र लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवरसुद्धा बसले होते, आणि इतकी माणसं असून कोणाच्या तोंडातून ब्र निघत नव्हता. कारण समोर व्यासपीठावर, मखमली खुर्चीत बसलेले महाराज सगळ्यांच्या देखत स्वतःचं हृदय बंद करत होते.

बाहेरच्या फलकावर महाराजांचं नाव दोन ओळी भरून लिहिलं होतं. ते एका दमात म्हणता येत नसल्यामुळे लोकांनी त्याचं सुटसुटीत 'ठोकेबाबा' करून टाकलं होतं. त्यांचं वय एकशे सदतीस होतं. हे अर्थात त्यांनीच सांगितलं होतं. "मग महाराज, केस इतके काळे कसे?" असं पुढच्या रांगेतल्या एका भाबड्या आजोबांनी विचारलं, तेव्हा महाराज म्हणाले होते, "वापरले नाहीत, म्हणून." सगळ्यांनी माना डोलावल्या. केस वापरायचे म्हणजे नेमकं काय करायचं, हे कोणाला विचारावंसं वाटलं नाही.

तिसऱ्या रांगेतल्या टेलरकाकूंना वाटलं होतं. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं बायकांचे कपडे शिवायचं दुकान होतं, आणि समोरच्याने सांगितलेल्या मापावर विश्वास न ठेवता स्वतः टेप लावून बघायची त्यांना सवय होती. पण शेजारी त्यांचे यजमान, निवृत्त पोस्टमनकाका, तोंड उघडं टाकून महाराजांकडे असे बघत बसले होते की त्यांची तंद्री मोडायचं काकूंच्या जिवावर आलं.

"आता आपले डॉक्टर स्वतः खात्री करतील," मंडळाचे अध्यक्ष माइकवरून कुजबुजले.

डॉक्टरांचा दवाखाना मंडळाच्या समोरच होता. माणूस हुशार, पण भिडस्त. कोणी व्यासपीठावर बोलावलं तर नाही म्हणता येत नसे, आणि गेल्यावर बोलता येत नसे. त्यांनी महाराजांचं एक मनगट धरलं. मग दुसरं धरलं. बोटं बदलली, चष्मा वर केला, पुन्हा धरलं. मग त्यांनी मानेकडे हात नेला. महाराजांनी भर उन्हाळ्यात गळ्याभोवती जाडजूड मफलर गुंडाळला होता. त्याला डॉक्टरांचं बोट लागायच्या आत महाराजांचा मदतनीस मध्ये आला. हा एक धिप्पाड, मिशाळ गृहस्थ होता, आणि अध्यक्षांकडून घेतलेला माइक आता त्याच्या हातात होता.

"मफलरला स्पर्श नाही," तो म्हणाला. "मनगटाचं काय ते सांगा."

"मनगटावर नाडी लागत नाही," डॉक्टर माइकमध्ये म्हणाले, "पण..."

मदतनीसाने माइक मागे ओढला. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की डॉक्टरांचं ते 'पण' कुठल्या कुठे विरून गेलं. ते अजून ओठ हलवत होते, एवढं काकूंना दिसलं. मग त्यांच्या हातात कोणीतरी फुलांचा गुच्छ दिला आणि त्यांना खाली उतरवलं.

थोड्या वेळाने महाराज 'परत आले'. त्यांनी आधी एक डोळा उघडला, मग दुसरा.

"बाळांनो," ते म्हणाले. हॉलमधलं सगळ्यात लहान बाळ बासष्ट वर्षांचं होतं. "जन्माला येताना प्रत्येकाला ठोक्यांची एक थैली मिळते. थैली रिकामी झाली की कारभार आटोपला. उंदीर बघा. सारखी पळापळ, सारखी धडधड. दोन-तीन वर्षांत खलास. कासव बघा. घाई नाही, गडबड नाही. दीडशे वर्षं आरामात. आता मला सांगा, तुम्ही सकाळी उठून फिरायला जाता, ते कशाला? थैलीला भोक पाडायला?"

हॉलभर हळहळ पसरली. रोज फिरायला जाणाऱ्यांनी माना खाली घातल्या.

"जिना चढलात, गेले ठोके. भांडलात, गेले. खदाखदा हसलात, मूठभर गेले. मी मात्र रोज थोडा वेळ हृदय बंद ठेवतो. एका तासाला सुमारे चार हजारांची बचत. तुम्हाला बंद करता येणार नाही. निदान बसून तरी राहा."

"पण महाराज," टेलरकाकू उभ्या राहिल्या, "हृदय बंद पडल्यावर माणूस..."

"शंका," महाराज डोळे मिटून म्हणाले. "एका शंकेला चाळीस ठोके लागतात. आत्ता तुमचे गेले, माझे गेले, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाचे गेले."

काकूंनी जणू एकेकाच्या खिशात हात घातला होता, अशा नजरेने सगळा हॉल त्यांच्याकडे वळला. काकू खाली बसल्या.

शेवटी मदतनीसाने 'स्थिरपीठ' दाखवलं. स्थिरपीठ म्हणजे उशी. तिच्यावर बसून राहिलं की ठोके आपोआप मंदावतात, आणि उठलं की केलेली सगळी बचत वाया जाते, असं त्याने सांगितलं. काकूंनी उशी उलटीसुलटी करून पाहिली. टाके लांबलांब होते आणि एका कोपऱ्यातून कापूस डोकावत होता. हे सांगायला त्या वळल्या, तोवर काकांनी ती विकत घेऊन मांडीवर ठेवलीसुद्धा होती.

काकांना दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. त्यातून ते चांगले सावरले होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चालायला सांगितलं, आणि चालणं तर काकांच्या अंगातच मुरलेलं होतं. रोज सकाळी तळ्यापर्यंत जाऊन यायचे. गल्लीत कोणाच्या बरणीचं झाकण घट्ट बसलं की ती बरणी काकांकडे यायची.

त्या दिवशी घरी आल्यावर मात्र ते उशीवर बसले आणि खिन्न झाले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"सगळी नोकरी जिने चढण्यात गेली गं. त्या पिवळ्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक जण राहायचा. त्याला रोज काहीतरी यायचंच, आणि तेही सही घेऊन द्यायचं. माझी अर्धी थैली त्या एका माणसाने खाल्ली."

"अहो, जिने चढलात म्हणून तर झटक्यातून उठलात."

"हळू बोल," काका म्हणाले. "दचकायला होतं."

पुढच्या काही आठवड्यांत मंडळाची रयाच गेली. सकाळचा हसण्याचा वर्ग बंद पडला. कॅरमवर धूळ साचली. बुद्धिबळ बसून खेळतात म्हणून ते चालू ठेवलं होतं, पण वजिरावर गदा आली की छातीत धडधडतं असं लक्षात आल्यावर दोघांनी आपापले वजीर आधीच पटावरून उचलून ठेवले. रस्त्यात दोन मित्र समोरासमोर आले की दोघेही थांबायचे आणि समोरचा जवळ येईल म्हणून वाट बघायचे. शेवटी लांबूनच हात हलवून, तोही फक्त मनगटापासून, परत फिरायचे. एकाची नात परीक्षेत पहिली आली, तर त्याने आनंद एकदम न करता आठवडाभर थोडा थोडा करायचं ठरवलं. अध्यक्षांनी शिंका दाबून ठेवायला सुरुवात केली आणि त्यांचे कान दुखू लागले.

हे सगळं बघून काकूंना आधी हसू यायचं. मग यायचं बंद झालं.

एकदा त्यांनी नेहमीसारखी मुरंब्याची बरणी काकांपुढे धरली. काकांनी झाकण पिळलं, दात आवळले, पुन्हा पिळलं आणि बरणी मुकाट्याने टेबलावर ठेवली. खुर्चीतून उठताना त्यांना दोन्ही हातांनी टेबल धरावं लागायला लागलं. पाय उचलून टाकायच्या ऐवजी ते फरशीवरून घासत न्यायचे. न्हाणीघरापर्यंत जाऊन आले तरी धाप लागायची, आणि ती धाप हा काकांना पुरावाच वाटायचा.

"बघ," छातीवर हात ठेवून ते म्हणायचे, "एवढ्याशा चालण्याने किती खर्च होतोय. आता उठणंसुद्धा कमी करायला हवं."

मग एका सकाळी कपाट आवरताना काकूंना गोळ्यांची पाकिटं सापडली. एकही गोळी काढलेली नव्हती.

"महाराज म्हणतात, गोळी म्हणजे हृदयाला चाबूक," काका म्हणाले. "त्याला हाकायचं कशाला?"

काकूंनी पाकिटं पिशवीत टाकली आणि त्या तडक दवाखान्यात गेल्या. त्यांचा चेहरा बघून डॉक्टरच आधी बोलले.

"मी 'पण' म्हणालो होतो, काकू. अख्ख्या गल्लीत माझं वाक्य फिरतंय, पण अर्धंच."

"मग उरलेलं अर्धं मला सांगा."

"मनगटावर लागत नाही, पण मानेवर बघू द्या. एवढंच म्हणायचं होतं." त्यांनी टेबलाच्या खणातून एक मऊ रबरी चेंडू काढला. हाताची पकड सुधारावी म्हणून ते असे चेंडू रुग्णांना दाबायला द्यायचे. "माझं मनगट धरा. लागते नाडी?"

"लागते. चांगली ठणठणीत आहे."

डॉक्टरांनी चेंडू शर्टाच्या आत, काखेत सरकवला आणि दंड अंगाशी हलकेच आवळला. काकूंच्या बोटांखालची नाडी बारीक झाली, अडखळली आणि गेली. काकूंनी दचकून वर पाहिलं.

"डॉक्टर, तुम्ही गेलात की."

"मी इथेच आहे. हाताला रक्त नेणारी नळी काखेतून जाते. ती दाबली की मनगटावर ठोका पोचत नाही. बागेतल्या पाण्याच्या नळीवर पाय दिला, तर पुढे पाणी येणार नाही. म्हणून टाकी रिकामी झाली असं थोडंच होतं? हृदय आत आपलं काम करतच असतं. मानेवर बोट ठेवलं की लगेच कळतं. म्हणून तो मफलर."

काकूंनी मान हलवली आणि पिशवीतली पाकिटं टेबलावर ओतली. डॉक्टरांनी त्यातलं एक उचललं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हीसुद्धा बंद केली? काकू, या गोळीचं काम काय आहे माहिती आहे का? हृदयाचे ठोके कमी करायचं. महाराज ज्याचं नाटक करतात ते ही गोळी खरोखर करते, आणि काकांनी नेमकी हीच बंद केली. अशी एकाएकी बंद केली तर झटका येऊ शकतो. चला, आत्ताच घरी जाऊ."

काका उशीवर बसलेले होते. डॉक्टरांनी त्यांची नाडी बराच वेळ मोजली.

"काका, तुम्ही तळ्यापर्यंत चालायचात तेव्हा बसल्या जागी तुमची नाडी अगदी सावकाश असायची. आता तुम्ही नुसते बसून आहात आणि ती तुरुतुरु पळतेय. बचत करायला गेलात आणि खर्च वाढला."

"तुम्ही मला घाबरवलंत म्हणून पळतेय," काका म्हणाले.

"नाही. हृदय हा स्नायू आहे, आणि पायातही स्नायूच आहेत. बसून राहिलं की पाय आटतात. मग तेवढंच काम करायला हृदयाला जास्त रेटावं लागतं. ते दमलं की पाय आणखी बसतात. उतारवयात हे दोघं असे एकमेकांना खाली ओढत नेतात. गोळ्या घ्या आणि हळूहळू चालायला लागा."

"म्हणजे थैली आणखी लवकर रिकामी."

"थैली नसते, काका."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही कधी बघितलीय?"

डॉक्टरांनी धरलेलं मनगट सोडलं. काका त्यांच्याकडे जरा कीव आल्यासारखे बघत म्हणाले, "आणि महाराजांची नाडी बंद असते, हे तर तुम्हीच माइकवर सांगितलंत. आता फिरवाफिरवी कशाला करता?"

बाहेर दारात आल्यावर डॉक्टरांचे कान लाल झाले होते. "छातीत जरा जरी दुखलं तर तडक हॉस्पिटल," ते म्हणाले. "पण माझा शब्द आता चालणार नाही. त्यांना ते चेंडू दिसायला हवेत. परवा रविवारी महाराज परत येणार आहेत. काखा उघडून दाखवा म्हटलं तर मात्र हाकलून देतील."

"काखा उघडणं," काकू म्हणाल्या, "हे तर माझं रोजचं काम आहे."

रविवारी हॉल पुन्हा भरला. या वेळी भरायला फार वेळ लागला, कारण सगळे सावकाश येत होते. दोघा-तिघांना खुर्चीसकट उचलून आणावं लागलं. काकू आणि शेजारी मिळून काकांनाही धरून घेऊन आले, आणि ते पहिल्या रांगेत उशीवर विसावले.

"आनंदाची बातमी," अध्यक्ष माइकवरून म्हणाले. "टेलरकाकूंची शंका फिटली असून त्या महाराजांना नवाकोरा झगा शिवून देणार आहेत."

टाळ्यांना ठोके लागतात म्हणून लोकांनी गुडघ्यावर एका बोटाने टिचक्या मारल्या. महाराज प्रसन्न दिसले. मदतनीसाने कापड कुठलं घेणार, अशी चौकशीही केली.

मग महाराजांनी दंड अंगाशी घेतले आणि डोळे मिटले. मदतनीसाने नेहमीची सूचना दिली. हृदय बंद असताना महाराजांना काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही, सुई टोचली तरी कळत नाही. डॉक्टरांनी मनगट धरलं.

"मनगटावर नाडी लागत नाही," ते म्हणाले, आणि या वेळी 'पण' म्हणाले नाहीत.

गळ्यात टेप अडकवून काकू व्यासपीठावर चढल्या.

"आत्ता नाही," मदतनीस म्हणाला. "महाराज परत आल्यावर मापं घ्या."

"अहो, हृदय बंद असताना छाती किती आकसते, तेही मोजून ठेवते ना," काकू त्याच्या माइकमध्ये तोंड घालून म्हणाल्या. "पुढे कोणी शंका घेतली तर लेखी पुरावा राहील."

"पुरावा तर हवाच," अध्यक्ष पहिल्या रांगेतून म्हणाले. "घ्या, घ्या."

मदतनीसाला आता नाही म्हणता येईना. काकूंनी महाराजांसमोर उभं राहून टेप ताणला.

"हात जरा वर करा, महाराज."

महाराज हलले नाहीत.

"बरोबर, त्यांना ऐकू येत नाही नाही का," काकू म्हणाल्या. "मीच उचलते."

त्यांनी कोपर धरून वर ओढलं. कोपर डिंकाने चिकटवल्यासारखं बसलं होतं. पण मापं देताना लाजून हात अंगाशी घट्ट धरणारी गिऱ्हाइकं काकूंनी पुष्कळ पाहिली होती, आणि त्यावर त्यांच्याकडे हमखास उपाय होता. टेपच्या टोकाला पत्र्याची पट्टी असते. ती गार असते. काकूंनी ती झग्याच्या बाहीतून अलगद काखेकडे सरकवली.

महाराजांचा डावा गाल थरथरला. मग ओठ वाकडे झाले. नाकातून एक बारीक शिट्टीसारखा आवाज निघाला. काकूंनी पट्टी आणखी थोडी आत सारली, आणि वय वर्षं एकशे सदतीस, हृदय बंद असलेले, सुई टोचली तरी न कळणारे महाराज खीखीखी करून खिदळले.

हात वर गेला. झग्यातून एक नारिंगी चेंडू पडला आणि टप टप करत व्यासपीठाच्या कडेला गेला.

"आता दुसरा हात," काकू म्हणाल्या. दुसऱ्याला पट्टी दाखवावीसुद्धा लागली नाही. महाराज हसून हसून इतके ढिले झाले होते की तो आपोआप सुटला. त्यातून हिरवा चेंडू पडला. तो मात्र थेट श्रोत्यांत गेला आणि मदतनीस माइक टाकून त्याच्यामागे धावला.

डॉक्टरांनी माइक उचलला. दुसऱ्या हाताने त्यांनी मफलर बाजूला केला आणि महाराजांच्या मानेवर दोन बोटं ठेवली.

"मानेवर नाडी आहे," ते म्हणाले. "आणि भलतीच जोरात आहे."

मग अध्यक्ष उठायचा प्रयत्न करत भारावून म्हणाले, "बघा, काय शक्ती आहे. हृदय थांबवून महाराजांनी दोन चेंडू प्रकट केले."

बऱ्याच जणांना हे पटलेलं दिसलं. दोघांनी तर गुडघ्यावर टिचक्याही मारल्या. काकूंनी कपाळावर हात मारला. डॉक्टर मात्र त्या दिवशी थांबायला तयार नव्हते.

"मग तुम्हीही प्रकट करा," ते म्हणाले. "अध्यक्षसाहेब, तुमच्या चष्म्याचं घर काखेत घ्या आणि आवळा. शेजाऱ्याने मनगट धरा. बाकीच्यांनी रुमालाची गुंडाळी करा, मोजे घ्या, काय असेल ते घ्या."

आणि मग हॉलभर जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. कोणी टोपी, कोणी वर्तमानपत्राची सुरळी, कोणी हातमोजे काखेत कोंबत होतं. "लागत नाही, लागत नाही," असे आवाज चहूकडून यायला लागले. भराभर माणसांची हृदयं बंद पडत होती, आणि ती माणसं मोठमोठ्याने बोलत होती. एका बाईंनी आपल्या नवऱ्याची नाडी दोनदा घालवून दोनदा परत आणली. अध्यक्षांच्या शेजाऱ्याने त्यांचं मनगट सोडून मान हलवली, तेव्हा अध्यक्ष घाबरले.

"मी आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहात," शेजारी म्हणाला. "मानेवर लागतेय."

अध्यक्षांनी काखेतलं चष्म्याचं घर काढून त्याच्याकडे पाहिलं. मग इतके दिवस दाबून ठेवलेली एक शिंक त्यांनी दिली, आणि खिडकीची काच थरथरली.

या गडबडीत व्यासपीठावरची खुर्ची रिकामी झाली होती. जिन्याकडून धडाधड आवाज आला. खिडकीजवळच्या लोकांनी वाकून पाहिलं, तर झगा गुडघ्यापर्यंत वर धरून महाराज दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत होते, आणि खाली रस्त्यावर पोचल्यावर त्यांनी जी धूम ठोकली, ती बघून एक आजोबा म्हणाले की या वयात असं पळता आलं पाहिजे.

सगळे हसले. पण काका हसले नाहीत. त्यांना महाराजांच्या मागे जायचं होतं. निदान दारापर्यंत जाऊन, तुम्ही मला फसवलंत, एवढं तरी त्या माणसाला सांगायचं होतं. त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. अंग थोडं वर आलं आणि पुन्हा उशीवर बसलं. त्यांनी परत जोर दिला. हिरवा चेंडू त्यांच्या पायाशी येऊन थांबला होता, आणि वाकून तो उचलणंही त्यांना जमत नव्हतं.

काकू जवळ आल्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"मला उठव," ते हळू आवाजात म्हणाले. "पोरासारखं फसलो गं मी."

"चेंडू लपवणारा फसवतो, त्यात तुमचा काय दोष," काकू म्हणाल्या. "पण गोळ्या लपवल्यात त्याचं मी घरी गेल्यावर बघते."

डॉक्टरांनी त्यांना तिथूनच दवाखान्यात नेलं. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं. नवा झटका आला नव्हता, पण तो फार लांबही नव्हता, असं ते नंतर काकूंना म्हणाले. गोळ्या त्यांच्या देखरेखीखाली पुन्हा सुरू झाल्या. पाय मात्र गोळीने परत येत नाहीत. काका आधी खुर्चीतून उठायला आणि बसायला शिकले. मग खोलीतल्या खोलीत फिरू लागले. मग दारापर्यंत, मग दुकानापर्यंत. ज्या पायांनी त्यांनी गावभर पत्रं वाटली, ते पाय नुसत्या बसण्याने काही आठवड्यांत गेले आणि परत यायला त्यांनी कितीतरी महिने लावले. कधी काका रडकुंडीला यायचे. कधी चिडून चौथ्या मजल्यावरच्या त्या माणसाची आठवण काढायचे. "तो बरा होता," म्हणायचे. "रोज चढायला लावायचा."

मंडळ पुन्हा पहिल्यासारखं गजबजू लागलं तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून एक साधी परीक्षा घेतली. हातांची छातीवर घडी घालायची आणि आधार न घेता खुर्चीतून उठायचं. जमलं नाही तर लाजायचं कारण नव्हतं. पायांत किती ताकद आहे ते कळलं की हृदयाची काळजी कशी घ्यायची तेही ठरवता येतं, असं ते म्हणाले. काका उठले, थोडे डगमगले, पण उठले. काकू कडेला उभ्या राहून कौतुकाने बघत होत्या.

"काकू, आता तुम्ही," डॉक्टर म्हणाले.

"मला काय धाड भरलीय?" काकू म्हणाल्या, खुर्चीत बसल्या, हाताची घडी घातली आणि उठल्या. म्हणजे अर्ध्या उठल्या आणि धपकन परत बसल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा धपकन बसल्या. सगळा जन्म मशीनपुढे बसण्यात गेला होता, आणि जगाची मापं घेताना स्वतःचं घ्यायचं राहून गेलं होतं.

काका मोठ्याने हसले. पुष्कळ दिवसांनी ते असे हसत होते. काकूंनी हात पुढे केला, तर त्यांनी तो धरला नाही. "मला जमलं, तुलाही जमेल. टाचा मागे घे आणि पुढे झुक," ते म्हणाले. तिसऱ्या वेळी काकू उठल्या, लाल होऊन, आणि डॉक्टरांकडून स्वतःच्या तपासणीसाठी वेळ मागून घेतली.

मग अध्यक्षांनी काकांना दोन शब्द बोलायला सांगितलं. काका माइकपुढे आले. भाषणाची सवय नव्हती, त्यामुळे ते गप्पा मारल्यासारखे बोलले.

"मी मूर्ख नाही," ते म्हणाले. "तुम्हीही नाही. मी घाबरलेला होतो. झटका येऊन गेला की माणूस मनातून घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला कोणी 'बसून राहा, काही होणार नाही' म्हटलं की बरं वाटतं. मला फार बरं वाटलं होतं. पण बरं वाटणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरांनी सांगितलं तेही मी आता डोळे मिटून मानत नाही. त्यांना विचारतो, कशावरून? ते रागावत नाहीत. कागद काढून समजावून सांगतात. ज्याच्याजवळ खरं असतं त्याला 'कशावरून' विचारलेलं चालतं. तुम्हीही विचारत जा. उशी विकणाऱ्याला विचारा, मला विचारा, बायकोला विचारा, जमत असेल तर."

लोक हसले. काकांनी माइक जवळ ओढला.

"आणि घरी चालत जा," ते म्हणाले. "माझं संपलं."

त्यावर सगळे उठले. कोणी पटकन उठले, कोणी खुर्चीच्या हातांवर रेलून उठले, काहींना शेजाऱ्याने बळ दिलं. खुर्च्या फरशीवर घासल्याचा केवढा तरी आवाज झाला, आणि तो बराच वेळ चालू राहिला.